देवाची मनधरणी कोणी केली? उपदेश करणाऱ्या पाळकांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि उपासनेत वचन सांगणाऱ्या सर्व बंधुभगिनींनो,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

वधस्तंभावर उपदेश सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘देवाचा कोप आपल्यावर पेटला होता, येशू मध्ये पडला आणि त्यानं बापाला शांत केलं.’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. कोप पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहे, मध्यस्थ आहे, रक्त आहे, शांतीही आहे. पण या क्रमानं आणि या कर्त्यांनिशी ते वाक्य बोललं की शास्त्रात नसलेला एक देव श्रोत्यांपुढे उभा राहतो. त्याला क्षमा करायची नव्हती, मुलानं गळ घातली म्हणून तो कसाबसा राजी झाला, असा तो देव.

मी दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीतल्या मुलांना विश्वासात पक्कं करणारा, वर्ग घेते. वधस्तंभावरच्या धड्यानंतर मुलांना मनात आलेलं वहीत लिहायला सांगते. एका मुलानं लिहिलं होतं: ‘येशू मला आवडतो. बापाची भीती वाटते. येशू बरोबर नसेल तर बापासमोर जायचं नाही.’ तो मुलगा उपासनेत झोपणारा नव्हता. उलट सगळ्यात मन लावून ऐकणारा तोच. व्यासपीठावरून जे ऐकलं ते त्यानं नीट समजून तीन ओळींत मांडलं, म्हणून मला त्या ओळी इतक्या लागल्या.

कोप शमवणारा ही कल्पना ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेली नाही. ग्रीक भाषेतलं ‘हिलास्कोमाय’ (शांत करणं, प्रसन्न करणं) हे क्रियापद ख्रिस्ताच्या कितीतरी शतकं आधीचं आहे. होमरच्या ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात ते भेटतं. ग्रीक सैन्याचा प्रमुख आगामेम्नॉन अपोलो देवाच्या पुजाऱ्याची मुलगी परत द्यायचं नाकारतो आणि पुजाऱ्याला हाकलून लावतो. अपोलो संतापतो. नऊ दिवस छावणीवर त्याचे बाण पडत राहतात. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. अखेरीस मुलीला जहाजातून परत पाठवतात, सोबत बळीची जनावरं देतात. बळी झाल्यावर तरुण मंडळी दिवसभर गाणी गाऊन देवाला शांत करतात, आणि ते ऐकून अपोलोचं मन प्रसन्न होतं. तिथे कोण कोणाला शांत करतंय याबद्दल शंकाच उरत नाही. रागावलेला देव, घाबरलेली माणसं; माणसं देतात, देव घेतो, राग उतरतो.

हेच चित्र शास्त्रातही एका ठिकाणी अगदी ठळक रंगवलेलं आहे, कर्मेल डोंगरावर. बआल या परक्या दैवताचे साडेचारशे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ‘हे बआला, आमचं ऐक’ म्हणून ओरडतात, वेदीभोवती नाचतात, तलवारी-भाल्यांनी स्वतःला जखमा करून घेतात, रक्त वाहू लागतं. संध्याकाळच्या अर्पणाची वेळ होते तरी उत्तर नाही. मग परमेश्वराचा संदेष्टा एलीया पुढे येतो. त्याची प्रार्थना दोन वचनांची आहे, आणि तिच्यात देवाचं मन वळवण्याचा शब्दही नाही. या लोकांची मनं तूच परत वळवली आहेस हे त्यांना कळू दे, एवढंच तो मागतो. मन वळायचं आहे ते माणसांचं, आणि ते वळवणारा देव. पहिल्या राजांच्या अठराव्या अध्यायातलं ते छत्तिसावं-सदतिसावं वचन अग्नी पडण्याच्या घाईत आपण पटकन वाचून पुढे जातो.

पण शमवणाऱ्या माणसाचं सगळ्यात जिवंत चित्र उत्पत्तीत आहे. वीस वर्षांनी याकोब घरी परततोय आणि त्यानं फसवलेला भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन समोरून येतोय अशी बातमी लागते. याकोबाची झोप उडते. तो नजराणा काढतो: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी पिल्लांसकट, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. पिल्लं सोडली तरी साडेपाचशे जनावरं. हे सगळं एकदम पाठवत नाही. कळपाकळपात अंतर ठेवा म्हणतो, म्हणजे एसावाला एक नजराणा दिसेल, तो पुढे जाईल, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक चाकरानं तेच वाक्य बोलायचं, ‘हे आपला दास याकोब याचं, आणि तो मागून येतोच आहे.’ मनातला हिशोब शास्त्र उघड सांगतं: आधी भेट पाठवून त्याला शांत करीन, मग त्याचं तोंड पाहीन. या ‘शांत करीन’च्या जागी हिब्रूत ‘किप्पेर’ हे क्रियापद आहे. प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी, सगळ्या यज्ञविधीसाठी शास्त्र जे क्रियापद वापरतं तेच. आणि जुन्या ग्रीक भाषांतरात इथे ‘हिलास्कोमाय’चंच जवळचं रूप आलं आहे.

पुढे काय होतं? एसाव धावत येतो, भावाच्या गळ्यात पडतो, मुके घेतो, दोघं रडतात. नजराण्याचा विषय त्यानंतर निघतो. एसाव विचारतो, वाटेत मला एवढे कळप भेटले ते कशासाठी? आणि म्हणतो, भाऊ, माझ्याजवळ पुष्कळ आहे, तुझं तुझ्याजवळ राहू दे. त्याचा राग नेमका केव्हा गेला ते शास्त्र सांगत नाही. याकोबाच्या आग्रहाखातर शेवटी तो भेट घेतो. आणि याकोब त्याला जे म्हणतो ते मला प्रत्येक वेळी थांबवतं: तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं तोंड पाहण्यासारखं झालं. आदल्याच रात्री त्यानं यब्बोक नदीच्या काठी देवाला समोरासमोर पाहिलं होतं आणि तो जिवंत राहिला होता. तो हे उगाच बोलत नाही.

यज्ञविधीकडे याकोबाच्या नजरेनं पाहायचं, म्हणजे कळप पुढे आणि भीती मागे, ही सवय आपल्या उपदेशात खोल रुजली आहे. यज्ञविधींचे नियम सांगणारा लेवीय हा ग्रंथ ती सवय मोडतो. सतराव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात देव म्हणतो की रक्तात प्राण असतो आणि तुमच्यासाठी प्रायश्चित्त व्हावं म्हणून ते वेदीवर मीच तुम्हांला दिलं आहे. मीच दिलं आहे. इलियडमध्ये माणसं देतात आणि देव घेतो; इथे अर्पण वेदीवर जाण्याआधीच ते देवाकडून माणसांकडे आलेलं आहे. मीखा संदेष्टा सहाव्या अध्यायात हजारो एडके, तेलाच्या लाखो नद्या, शेवटी स्वतःचा पहिला मुलगा अशी चढती बोली लावणारा भक्त उभा करतो, आणि देव ती बोली ऐकूनही घेत नाही.

आता दयासनाकडे वळते, कारण रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं पंचविसावं वचन त्याच्याशिवाय उलगडत नाही.

निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशावरचं, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरचं, झाकण आहे. निखळ सोन्याचं, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दोन टोकांना समोरासमोर तोंड केलेले करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव), त्यांचे पंख वर पसरलेले. हिब्रूत त्याला ‘कप्पोरेथ’ म्हणतात, किप्पेरच्याच धातूतून. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘हिलास्तेरिओन’ हा शब्द घेतला, आणि मराठीत आपण दयासन म्हणतो. वर्षातून एक दिवस मुख्य याजक सोन्याची वस्त्रं काढून साधी तागाची वस्त्रं घाली, धूपाचा ढग दयासन झाकून टाकेपर्यंत थांबे, आणि आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्ह्याचं रक्त, मग लोकांसाठी बकऱ्याचं रक्त बोटानं शिंपडी. एकदा दयासनावर, सात वेळा दयासनापुढे. हे सगळं पडद्याआड. लोकांना काहीही दिसत नसे.

आणि त्या जागेविषयी देव मोशेला आधीच काय सांगून ठेवतो? तिथे मी तुला भेटेन. शांत झाल्यावर भेटेन असं म्हणत नाही. भेटीची जागा देवानं ठरवली, तिचं माप देवानं दिलं, तिथपर्यंत कसं यायचं हे देवानं सांगितलं.

पौलानं रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा ते दयासन नव्हतं. बाबेलच्या राजानं इ.स.पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम पाडलं, त्यानंतर कोश कोणाच्या हाती लागला नाही. नंतर पुन्हा बांधलेल्या दुसऱ्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, म्हणजे पडद्याआडची ती सगळ्यात आतली खोली, रिकामं होतं. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी आत शिरला तेव्हाही तिथे देवाची मूर्ती वगैरे काही सापडलं नाही, असं रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं मुख्य याजक ज्या ठिकाणी रक्त घेऊन जात होता, तिथे रक्त शिंपडायचं झाकणच नव्हतं. त्या काळात पौल लिहितो: देवानं ख्रिस्त येशूला उघडपणे पुढे ठेवलं, हिलास्तेरिओन म्हणून. वाक्याचा कर्ता देव. ‘पुढे ठेवलं’ हे क्रियापद देवाचं. जे पडद्याआड होतं आणि नंतर हरवलं होतं, ते देवानं चव्हाट्यावर, सगळ्यांना दिसेल असं मांडलं. अभ्यासकांत इथे मतभेद आहेत. हिलास्तेरिओन म्हणजे थेट दयासन की प्रायश्चित्ताचं अर्पण, यावर वाद चालतो. वाद कुठेही सुटो, कर्ता बदलत नाही.

नव्या करारात या धातूची नामं आणि क्रियापद मिळून सहाच ठिकाणी येतात. रोमकरांस ३:२५ आणि इब्री ९:५ मध्ये हिलास्तेरिओन. योहानाच्या पहिल्या पत्रात २:२ आणि ४:१० मध्ये ‘हिलास्मोस’ (प्रायश्चित्त). क्रियापद लूक १८:१३ मध्ये, जिथे जकातदार दूर उभा राहून ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणतो, आणि इब्री २:१७ मध्ये, जिथे ख्रिस्त लोकांच्या पापांबद्दल प्रायश्चित्त करतो. सहाही ठिकाणं मराठी बायबलमध्ये समोरासमोर उघडून बसा. ‘येशूनं देवाला शांत केलं’ अशा बांधणीचं वाक्य एकही नाही. देव तिथे देणारा आहे, पाठवणारा आहे, पुढे ठेवणारा आहे, दया करणारा आहे. ४:१० तर क्रमसुद्धा सांगतं: आपण देवावर प्रीती केली असं नाही, त्यानं आपल्यावर प्रीती केली आणि म्हणून पुत्राला पाठवलं. प्रीती आधी, प्रायश्चित्त नंतर. आपल्या उपदेशात प्रायश्चित्त आधी येतं आणि प्रीती त्याचा परिणाम होऊन बसते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘प्रायश्चित्त’ आपल्या भाषेत ज्यानं चूक केली तोच घेतो. तो व्रत करतो, दंड भोगतो, शुद्ध होतो. ख्रिस्त आपलं प्रायश्चित्त आहे असं नुसतं म्हटलं की ऐकणारा त्यात आपोआप हा अर्थ भरतो आणि त्याला वाटतं, भोगायचं कोणीतरी होतंच, येशूनं भोगलं, देव वसूल करून मोकळा झाला. शब्द बदला असं मी म्हणत नाही. तो आपल्या मंडळ्यांच्या ओठांवर बसलेला आहे. पण तो उच्चारताना पुढचं वाक्यही बोलायला हवं, की हे प्रायश्चित्त देवानंच दिलं.

हा प्रश्न नवा नाही. प्राचीन मंडळीचा धर्मगुरू ऑगस्टीन यानं ‘त्रैक्याविषयी’ या ग्रंथाच्या तेराव्या भागात तो थेट विचारला आहे: बाप आपल्यावर रागावलेला होता, पुत्राचं मरण पाहून तो शांत झाला, असं घडलं काय? आणि उत्तर देतो की बापानं पुत्र आपल्यासाठी मरण्याच्या आधीच नव्हे, तर जग निर्माण करण्याच्याही आधी आपल्यावर प्रीती केली. पुढे सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन, ज्याच्या नावावर आपण सगळ्यात कडक कोप-उपदेश खपवतो, ऑगस्टीनचाच आधार घेऊन हेच लिहितो: पुत्राच्या रक्तानं समेट झाल्यावर देव आपल्यावर प्रीती करू लागला असं समजू नका. रागीट बाप आणि दयाळू पुत्र ही विभागणी प्राचीन मंडळीनंही केली नव्हती आणि सुधारकांनीही नाही.

इथे काही उपदेशक दुसऱ्या टोकाला जातात, आणि त्यांनाही हे पत्र आहे. १९३१ साली वेल्श अभ्यासक सी. एच. डॉड यांनी दाखवलं की जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हे शब्द बहुतेकदा पाप पुसण्याविषयी येतात, देवाला खूश करण्याविषयी नाही. त्यांच्या म्हणण्याचा ठसा १९४६ च्या इंग्रजी नव्या कराराच्या सुधारित भाषांतरावर उमटला. मग १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियन अभ्यासक लिऑन मॉरिस यांनी उलट बाजू मांडली: ज्या उताऱ्यांत हे शब्द येतात तिथे आजूबाजूला कोप आहेच, तो डॉड यांनी नजरेआड केला. मॉरिस यांच्या म्हणण्यात मोठं तथ्य आहे. रोमकरांस पत्रात १:१८ पासून ३:२० पर्यंत सगळी मांडणीच देवाच्या क्रोधाची आहे, आणि त्यानंतर लगेच ३:२५ येतं. जखऱ्या आणि मलाखीत परमेश्वराची मर्जी संपादण्याची भाषाही आहे. म्हणून कोप हा शब्दच पुसून टाकणारा, देव सगळ्यांकडे नुसता हसून पाहतो असं सांगणारा उपदेश मला मान्य नाही. ज्या बाईला नवरा रोज मारतो, तिला ‘देवाला कशाचा राग येत नाही’ हे वाक्य म्हणजे दुसरा मार आहे. ज्याची जमीन बळकावली, ज्याच्या मुलीवर हात टाकला, त्याला देवाचा कोप हवा असतो, आणि संदेष्टे सांगतात की तो आहे. अपोलोला राग आला तो त्याच्या पुजाऱ्याचा अपमान झाला म्हणून. आमोस संदेष्ट्याच्या देवाला राग येतो तो गरिबाला जोड्याच्या जोडासाठी विकलं म्हणून. या दोन रागांना एका पारड्यात घालू नका.

जो रागावला आहे त्यानंच स्वतः किंमत मोजून वाट उघडली, एवढं आपल्याला सांगायचं आहे. कोप खरा, आणि तो शमवणाराही देवच. हे अवघड आहे. म्हणूनच सोपी गोष्ट रचून ते मोडू नये.

आता त्या गोष्टीविषयी. तुमच्यापैकी कित्येकांनी ती सांगितली आहे. रेल्वेचा उघडझाप होणारा पूल, तो चालवणारा बाप, गाडी येतेय, आणि त्याचा लहानगा मुलगा खेळता खेळता यंत्रात अडकला आहे. बाप डोळे मिटून दांडा ओढतो, मुलगा चिरडतो, डब्यांतले प्रवासी हसत-बोलत निघून जातात. मंडळीत हुंदके येतात. पण त्या मुलाला विचारलं कोणी? तो खेळत होता. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो, माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो. त्या गोष्टीतला बाप एका निरपराध पोराला त्याच्या नकळत मारतो, आणि आपण मुलांना सांगतो की देव असाच आहे. मग त्यांतला एखादा वहीत लिहितो, बापाची भीती वाटते. कृपा करून ती गोष्ट सांगणं थांबवा. तिच्या जागी एसाव धावत आला ते सांगा, किंवा लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप सांगा, तोही धावतो.

याचे परिणाम वर्गापुरते राहत नाहीत. आजाऱ्याच्या खाटेजवळ मी बसले आहे. पन्नास वर्षं उपासना न चुकवलेली माणसं शेवटच्या आठवड्यात देवाशी सौदे करू लागतात: हे देईन, ते सोडीन, अजून काय राहिलं ते सांग. आयुष्यभर ‘तारण झालं’ म्हणणाऱ्यांना मरणाच्या दारात वाटतं की बापाचा राग थोडासा शिल्लक असावा. त्यांना योहानाचा सोळावा अध्याय कोणी वाचून दाखवला नव्हता. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वचनात येशू शिष्यांना म्हणतो: मी तुमच्यासाठी पित्याजवळ विनंती करीन असं मी म्हणत नाही, कारण पिता स्वतः तुमच्यावर प्रीती करतो. तो आपला कैवारी आहे, मध्यस्थी करतो, हे इब्री आणि योहान दोघंही सांगतात. पण ती मध्यस्थी नाखूश बापाची मनधरणी नव्हे, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलं आहे.

शेवटी एक ठोस विनंती. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं. चौथा उद्गार ज्यांच्या वाट्याला येतो ते ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ यावरच बहुधा रागीट बापाचं चित्र उभं करतात: बापानं तोंड फिरवलं, पाठ केली. त्या हाकेतला अंधार कमी करून सांगा असं मी म्हणत नाही. तो खरा आहे आणि दुःखात असलेल्या माणसाला तो हवा आहे. पण तो बाविसाव्या स्तोत्राचा पहिला चरण आहे. त्या दिवशी पूर्ण स्तोत्र वाचा. चोविसाव्या वचनात लिहिलं आहे की त्यानं पीडिताला तुच्छ मानलं नाही, आपलं मुख त्याच्यापासून लपवलं नाही, आणि त्यानं धावा केला तेव्हा त्याचं ऐकलं. उद्गाराला वेळ वीस मिनिटं असतो. स्तोत्र वाचायला पाचही पुरतात. पहिला उद्गार घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की खिळे ठोकले जात असताना पुत्र जे म्हणतो ते ‘हे बापा, त्यांची क्षमा कर’ हे आहे, आणि बाप ते नाकारतो असं कोणत्याच शुभवर्तमानात लिहिलेलं नाही.

यंदा आमच्या वर्गातली मुलं त्या उपासनेला वह्या घेऊन बसणार आहेत.

आपली विश्वासू,
दृढीकरणाचा वर्ग घेणारी एक शिक्षिका